भाऊंचा लंगड्या

गाडीखाली तंगडी मोडलेलं कुत्रं गॅरेजवाल्या भाऊंनी उचललं. ते कडाडून चावलं, मनगटातून रक्ताची धार लागली, तरी भाऊंनी हाडाला लाकडी पट्ट्या बांधल्या आणि त्याचं नाव ठेवलं लंगड्या. बघ्यांनी हात जोडले. रोज पहाटे ध्यानाला बसणारे भाऊ म्हणाले, "मी कोण करणारा? माझ्यातला 'मी' कधीच मेलाय."

लंगड्या बरा झाला आणि चारी पायांवर धावत सुटला तो थेट समोरच्या शिंप्याकडे. तिथेच खायचा, मशीनखाली झोपायचा. भाऊंनी चुचकारलं तर मान फिरवायचा.

"काय भाऊ, लेकरू आम्हाला दत्तक दिलंत की काय?" शिंप्याने सगळ्यांसमोर टोमणा मारला. सगळे फिदीफिदी हसले. भाऊंचेही दात दिसले.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी गॅरेजच्या मागून जीव जाईल असं केकाटणं आलं. शिंपी हातातली कात्री टाकून धावला. लंगड्याचा तोच पाय, त्याच जागी मोडला होता. त्याला मांडीवर घेऊन भाऊ पट्ट्या बांधत होते आणि ढसाढसा रडत होते.



रक्ताने माखलेला लोखंडी पाना पायानेच मागे सारत ते म्हणाले, "बघ, शेवटी याला माझ्याशिवाय आहे कोण?"