मनामातलं मानसरोवर

किल्लारीच्या भूकंपग्रस्तांच्या निधीसाठी बहारीनमधल्या मनामाच्या मराठी मंडळाने क्लबच्या तलावात मासळीबाजारातला बर्फ ओतला, मागे प्लायवूडचा हिमालय उभारला आणि झालं त्यांचं मानसरोवर! दर उडीमागे देणगी मिळणार होती. घरी अंघोळीला कढत पाणी लागणारा दत्तप्रसाद काठावर कुडकुडत होता. "यल्ला, चल दत्ता, घाबरलास काय?" असं ओरडत त्याच्या बँकेतल्या सुनेत्राने उडी मारली. पाठोपाठ त्यानेही मारली. दोघं हसत, दात वाजवत बाहेर आली तेव्हा त्याची बायको अरुणा टॉवेल पसरून उभी होती. त्याने तो घेऊन सुनेत्राच्या खांद्यांवर टाकला. "अगं, गारठलीय ती. दुसरा आण ना," तो म्हणाला. अरुणाने चपला काढल्या आणि साडीसकट उडी घेतली. "अरे, वहिनींना पोहता येतं ना?" सुनेत्राने विचारलं. दत्तप्रसाद पुन्हा बर्फात झेपावला. पाणी छातीएवढंच होतं. तो पोहोचेपर्यंत अरुणाने पाय टेकले नाहीत.