पान एकोणपन्नासच्या पुढे

युद्धानंतरच्या युरोपचं सगळं एकटेपण एका उघड्या दारात उभं आहे, हे सरांनी तीस वर्षांपूर्वी एका परदेशी कवितेवरून सिद्ध केलं आणि आजतागायत ते कोणाला खोडून काढता आलेलं नाही. आत्ताही ते हेच सांगत होते, फक्त सोफ्यावर उताणं पडून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकाळी थेंब घातले होते आणि संध्याकाळच्या व्याख्यानापर्यंत वाचायला मनाई केली होती.

"ऐकतेयस ना?"

"तीस वर्षं ऐकतेय," बाई म्हणाल्या.

बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. कवितेची ती परकी भाषा दोघं एकाच वर्गात शिकली. मार्क बाईंना जास्त होते. हा विषय घरात निघत नसे.

"मग वाच. पान अठ्ठेचाळीस."

बाईंनी वाचायला घेतलं. एक माणूस बर्फातून चालत घरी येतो. दार उघडं असतं. आत दिवा असतो. एकोणपन्नासाव्या पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती: मी उंबरठ्यावर थांबलो.

"बस्स!" सर डोळे मिटूनच म्हणाले. "तो आत जात नाही. का जात नाही? आत कोणी नाही म्हणून. घर आहे, दिवा आहे, माणूस नाही. देव तर नाहीच नाही. कवीनं कविता इथं टाकून दिली, तीच खरी कविता."

या थांबण्याला सरांनी 'उंबरठ्याचं सौंदर्यशास्त्र' असं नाव दिलं होतं. त्याचा प्रभाव एवढा पडला, की पुढची पंधरा वर्षं आपल्या भाषेतला एकही कवी घरात शिरला नाही. जावयानं त्यावरच डॉक्टरेट केली. किंबहुना त्यासाठी घरी येता-जाताच तो जावई झाला. मूळ कविता त्यानं वाचली नव्हती. कोणीच वाचली नव्हती. सगळ्यांनी सरांचा अनुवाद वाचला होता.

"अहो, हे पान जरा जाड लागतंय."

"जुना कागद आहे."

"आणि एकोणपन्नासनंतर एकदम बावन्न आलंय."

"येऊ दे. आकडे कसले बघतेस, कविता बघ."

बाईंनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. त्या देशात पूर्वी पुस्तकांची पानं कडेला जोडलेली तशीच विकायचे, वाचणाऱ्यानं ती कापून घ्यायची. सरांनी लागली तेवढीच कापली होती. बाई उठल्या, फळं कापायची सुरी घेऊन आल्या.

"कसला आवाज आला?"

"काही नाही. पुढे आहे."

"पुढे काय आहे?"

"कविता."

सर उठून बसले. त्यांनी डोळे उघडून पाहिलं; समोर नुसतं धुकं होतं. "वाच," ते म्हणाले.

"आतून ती ओरडली, कांदे आणलेस का?"



"कांदे?"

"कांदेच. शब्दार्थांत मला पैकीच्या पैकी होते."

"रूपक असणार," सर म्हणाले. "कांद्याचा एकेक पापुद्रा काढत गेलं, की शेवटी आत काही..."

"आत बायको आहे. हा कांदे विसरून आलाय, म्हणून दारात उभा आहे."

बाईंनी उरलेलं वाचून दाखवलं. बायको दोन ओळी चिडते. मग बाहेर येऊन त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकते आणि म्हणते, चल, आज बिनकांद्याचंच करू. शेवटच्या ओळीत दोघं जेवायला बसतात.

सर गप्प. एखादी कविता संपल्यावर ते गप्प बसलेत, असं बाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"घरात डिंक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "चिकटवून देऊ का परत? कोणाला कळणार नाही."

सरांनी विचार केला. प्रामाणिकपणे सांगायचं, तर बराच केला.

"टोपीचं परत वाच."

बाईंनी वाचलं.

"छान आहे गं," सर म्हणाले. "हे तेव्हा वाचलं असतं, तर मी एक ओळ लिहिली नसती. यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही."

"मग संध्याकाळी?"

"सांगून टाकतो."

"आणि जावईबापू?"

"दिलेली डॉक्टरेट परत घेत नाहीत."

संध्याकाळी सरांनी पुस्तक उघडायच्या आधीच सगळं सांगितलं. कांदे सांगितले, सुरी सांगितली, तीस वर्षं आपण अर्ध्याच कवितेवर बोलत होतो हेही सांगितलं.  सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष भारावून उठले आणि म्हणाले, न कापलेलं पान! आजच्या माणसाची अवस्था सरांनी आज तीन शब्दांत पकडली. पहिल्या रांगेत जावई भराभर टिपून घेत होता.

"अहो, पण ते पान खरंच कापायचं राहिलं होतं," सर माइकवर म्हणाले.

टाळ्या आणखी वाढल्या. तिसऱ्या रांगेत बाईंना हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. व्यासपीठावर सरांनी ते ओळखलं आणि तेही हसायला लागले.

बाईंच्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले आणि म्हणाले, "ज्यांना कवितेतलं कळत नाही, त्यांनी निदान इतरांना ऐकू द्यावं."