मोकळा हॉल

स्नेहल माहेरी गेली असताना दीपेशने नवीन पनवेलच्या त्यांच्या वन रूम किचनची मधली भिंत पाडून सगळीकडे पांढरा रंग लावून घेतला.

"घर केवढं मोठं वाटतंय बघ," ती परत आल्यावर तो म्हणाला.

स्नेहलचं डोकंच फिरलं. फोडणीचा धूर थेट पलंगावर जात होता. "मला एका शब्दाने विचारलंस?" ओट्याशी पाठमोरी उभी राहून ती कडाडली. "इकडे ये आणि हा धूर बघ."

"आलो," पलंगावरून उठत दीपेश म्हणाला.

त्याच्या स्लिपरचा आवाज येऊ लागला. हॉल जेमतेम दहा पावलांचा होता. भाजी शिजली, तरी स्लिपर वाजतच होत्या.

"मुद्दाम करतोयस ना?" ती संतापून वळली.

दीपेश घामाघूम होऊन तिच्याकडेच चालत येत होता, आणि पावलागणिक दूर जात लहान होत चालला होता.