पेलिकन्सचे चाहते

नीलेश पाटसकरने हात वर केला आणि माइक दुसऱ्याच कोणाकडे गेल्याचं पाहून निमूट खाली घेतला.

व्यासपीठावर गल्फ पेलिकन्स या बेसबॉल टीमचे तीन खेळाडू आणि कोच बसले होते. चाहत्यांनी प्रश्न विचारायचे, टीमने उत्तरं द्यायची, असा कार्यक्रम. दुबईतल्या हॉटेलचा हॉल गच्च भरला होता. नीलेशला वाटलं होतं, फार तर दहा-बारा टाळकी असतील. बेसबॉल म्हटल्यावर लोक 'ते विटी-दांडूसारखं असतं ना?' असं विचारतात, तिथे आणखी काय अपेक्षा करायची? पण इथे शेकडो माणसं होती. सगळी निळ्या जर्सीत, निळ्या टोप्यांत. त्याला अक्षरशः भरून आलं.

हे वेड त्याला मुलीने लावलं. मिहिका शिकायला अमेरिकेत गेली, तेव्हा बापलेक फोनवर एकत्र मॅच बघायचे. मग तिला नोकरी लागली, मित्र मिळाले, 'बाबा, आय विल कॉल यू बॅक' सुरू झालं. वेड लावून ती मोकळी झाली. बायको विनिता आजारी आईपाशी सांगलीला जाऊन राहिली, ती तिथेच अडकली. ऑफिसात विषय काढला तर 'खलास हबीबी, क्रिकेटचं बोल' म्हणून उडवून लावत. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटमध्ये तो टीव्हीशीच वाद घालायचा. बोलायला भरपूर आणि ऐकायला कोणी नाही, याचा त्याला अगदी वीट आला होता. आज इथून एक तरी माणूस जोडून न्यायचा, असं ठरवूनच तो आला होता.

"आयला, केवढा उंच आहे हा!" शेजारचा माणूस खेळाडूकडे बघत पुटपुटला.

नीलेशने झटकन मान वळवली. "मराठी?"

"हो. दौलत. पाटणकडचा."

"इथे कुठे राहता?"

"मुसफ्फाला."

"अबुधाबीहून आलात? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. आम्ही बरेच जण आलोय."

नीलेशला स्वतःची लाज वाटली. हा माणूस दीड तासाचा प्रवास करून आला, आणि आपण एवढ्या जवळ राहून यावं की नाही याचा काथ्याकूट करत बसलो होतो.

"फेव्हरिट प्लेयर कोण तुमचा?"

दौलत जरा घुटमळला. "तो हो. मधल्या उंचवट्यावरून फेकतो तो."

"पिचर! खेळ नवा दिसतोय तुम्हाला."

"नवाच. समजावून सांगा की. बसायचंच आहे."

मग काय, नीलेशला कोणी थांबवायलाच नको होतं. त्याने स्ट्राइक सांगितला, बेस सांगितले, हातवारे करून बेस चोरणंसुद्धा सांगितलं. दौलत मन लावून ऐकत होता. "आणि चोरताना पकडला तर?" असं त्याने विचारलं, तेव्हा नीलेशला त्याला मिठी मारावीशी वाटली. इतक्या महिन्यांत त्याला उलट प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

मधूनमधून टाळ्यांचा गजर होई. पुढच्या रांगेतला एक जाडगेला माणूस हात वर करी आणि पाठोपाठ सगळा हॉल दणाणून जाई. चाहते असावेत तर असे, असं नीलेशच्या मनात आलं.

अखेर माइक त्याच्यापर्यंत आला. गेल्या मॅचला पिचर इतका रंगात असताना आठव्या इनिंगला त्याला बाहेर का काढलं, असं त्याने इंग्रजीत विचारलं. प्रश्न सरळ होता. कोच खुर्चीत ताठ बसला. "या प्रश्नाची मी मघापासून वाट बघत होतो," तो म्हणाला. जाडगेल्याचा हात वर गेला आणि हॉल उभा राहिला. नीलेशसाठी इतकी माणसं त्याच्या लग्नातसुद्धा उभी राहिली नव्हती.

"एक नंबर!" दौलतने त्याच्या पाठीवर थाप मारली. "कुठे अडखळला नाहीत. पाठ करून घेतलं होतं का?"

"मला सगळं पाठच आहे," नीलेश हसत म्हणाला.

कार्यक्रम संपला. आता बोललो नाही तर हा माणूस हातचा जाईल, या धास्तीने त्याने मनात घोळवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "पुढच्या शनिवारी मॅच आहे. दुपारी माझ्याकडे या. भरली वांगी करतो, मग एकत्रच जाऊ."

दौलतचा चेहरा उजळला. "घरचं जेवण म्हणजे... यायला आवडेल हो. पण शनिवारचं अजून काही सांगितलेलं नाही."

"घरी विचारायचंय का?"

दौलत हसत दाराकडे वळला.

गर्दी मागच्या दाराने बाहेर पडत होती. बोलता बोलता नीलेशही तिच्यातून बाहेर आला. बाहेर बसगाड्यांची रांग लागली होती. पहिल्या बसच्या दाराशी तो जाडगेला माणूस भलं मोठं खोकं घेऊन उभा होता.

"यल्ला, यल्ला! मुसफ्फावाले इधर, सोनापूरवाले पीछे! टोपी-जर्सी वापस करो, पैसा लेबर कॅम्प में मिलेगा!"

सगळा जमाव जर्स्या उतरवू लागला. आतून साइटवरचे शर्ट दिसू लागले, खिशांवर कंपन्यांची नावं छापलेले. दौलतनेही आपली जर्सी नीट घडी करून खोक्यात टाकली आणि वळून पाहिलं.

"चला की! उशीर केला तर बिर्याणी संपते. तुम्हाला कुठल्या कंपनीने आणलं? बस कुठली तुमची?"

समोरच्या पार्किंगमध्ये नीलेशची गाडी उभी होती.

"हीच," तो म्हणाला आणि दौलतच्या मागोमाग बसमध्ये चढला.