चोरटं कोपर

"काम काय करता?" मुजावर मॅडमनी विचारलं.

"शाळेत शिकवते. फळ्यावर लिहून लिहून अंगठा दुखतो," मी ठोकून दिलं.

खरं तर मीही त्यांच्यासारखीच फिजिओथेरपिस्ट. बारा वर्षं लोकांच्या पाठी दाबून माझा उजवा अंगठा कामातून गेला होता; कुकरचं झाकणसुद्धा लागत नव्हतं. कोल्हापुरात कुणाला दाखवलं असतं तर पेशंटांच्या कानावर गेलं असतं, म्हणून एसटीनं इचलकरंजी गाठली. इथं उपाय निघाला नाही, तर कामच सोडायचं मी ठरवलं होतं.

त्यांनी माझा हात उशीवर घेतला आणि मनगटाच्या वरचा भाग दाबायला लागल्या. अंगठ्यानं नाही, कोपरानं. बोटं मुठीत जपून मिटलेली. पेशंट पालथा झोपला की चार महिने मी हेच चोरून करत होते.

"तुमचा अंगठा कधी गेला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या थांबल्या आणि खो-खो हसल्या. "नऊ वर्षं झाली. आणि बाई, नखं इतकी मुळापासून शिक्षिका कापत नाहीत. बघताक्षणीच ओळखलं तुम्हाला."

"नऊ वर्षं? तरी काम करता?" माझे डोळे भरून आले.

"दिवसाला पंधरा पेशंट!" असं म्हणून त्या स्वतःच कॉटवर पालथ्या पडल्या. "लावा कोपर. बघू कसं दाबता."

मी कोपर टेकवलं, जोर दिला.

"अहो, हाताचा जोर नको, अंगाचा भार टाका!" त्या उशीतून ओरडल्या. "अशानं दिवाळीपर्यंत खांदाही घालवाल!"