ज्याच्या हाती जुडगा

समुद्राच्या बाजूनं आभाळ काळवंडत वर सरकत होतं आणि मंतूरा या घरातून त्या घरात पळत होती. नळ बंद कर, नळीत उरलेलं पाणी सांडून दे, ओट्यावरच्या कुंड्या आत घे, धुराड्याची झडप लाव. मग कुलूप. मग किल्ली जुडग्यात, जुडगा कमरेला. दर दारावर तळवा टेकून तिचा नवरा जे म्हणायचा, तेच तीही म्हणत होती.

नीज रे घरा, बर्फात नीज,
ईस्टरला हाक घालीन मीच.

बर्फ यायच्या आत सारं गाव लेबनानचा हा डोंगर उतरून समुद्राकाठच्या घरांत राहायला जातं. मागं एकच माणूस राहतो, किल्ल्या राखायला आणि छपरांवरचा बर्फ लोटायला. किल्ल्या हातातून हातात जातात. ज्याच्या हाती जुडगा, हिवाळा त्याचा. आजवर तो माणूस म्हणजे मंतूराचा नवरा शलीता. उन्हाळ्यात तो गेला आणि जुडगा त्याच्या उशाखालून तिच्या हाती आला.

पण यंदा ती उतरणार होती. खाली तिची एकुलती लेक फदवा, पहिलटकरीण, दिवस भरलेली. "आई, तू नसलीस तर मी कुणाच्या नावानं ओरडू?" असं फोनवर म्हणाली होती. शलीताचा चुलतभाऊ बहीज आज तान्नूसच्या गाडीतून वर येणार, जुडगा घेणार, आणि त्याच गाडीतून मंतूरा खाली जाणार, असं ठरलं होतं. बोचकं सकाळीच बांधून झालं होतं. दोन टोपरी, एक दुपटं, बाळंतिणीच्या खिरीसाठी शहाजिरं-दालचिनीची पूड.

शेवटचं घर एव्हलीनबाईंचं. बाई कोटाची फर सावरत दारात उभ्या होत्या.

"माझ्या लिंबाला गोणपाट गुंडाळलंस? नीट? अन् पोटमाळ्यावर उंदीर झालेत बरं का, तेवढं बघ."

"बाईसाहेब, ते बहीजला सांगा. मी चालले ना आज."

"हो, हो, माहितीय की." बाईंनी किल्ली पुढं केली. "तोवर तू धर."

तान्नूसची गाडी चर्चसमोर येऊन उभी राहिली तेव्हा वारा पडला होता. वारा पडणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. मागं राहिलेली चार माणसं भराभर गाडीत चढली. गाडीतून मात्र कुणीच उतरलं नाही.

"बहीज कुठाय?" मंतूरानं विचारलं.

"झऱ्याच्या वळणापर्यंत आला होता, मावशी. तिथं त्यानं आभाळ बघितलं आणि म्हणाला, गुडघा धरलाय. उतरूनच गेला."

"परवा लग्नात नाचताना नव्हता धरला मेल्याचा गुडघा," खाटीक इलियास आतून म्हणाला. गाडीत हशा पिकला.

मंतूरा हसली नाही. कमरेचा जुडगा सोडून तिनं तान्नूसपुढं धरला.

"जरा धर. बोचकं चढवते."

तान्नूसनं दोन्ही हात खिशात घातले. "मला गाडी हाकायचीय, मावशी."

तिनं जुडगा खिडकीतून आत धरला. इलियासनं हात काखेत दाबले. मास्तरीणबाईंनी शालीत ओढून घेतले. एव्हलीनबाईंना एकाएकी हातमोजे घालायची आठवण झाली.

"कुणीतरी घ्या," ती म्हणाली. "नुसता खाली न्या हो."

"किल्ल्या खाली आणि छपरं वर?" इलियास म्हणाला. "मग बर्फ काय बाळ येशू येऊन लोटणार?"

या वेळी कुणी हसलं नाही.

मंतूरा चर्चच्या पायरीपाशी गेली. जुडगा दगडावर ठेवला. मागं न बघता परत आली आणि गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला. कुणी अडवलं नाही. उलट मास्तरीणबाई सरकल्या, बसण्यापुरती जागा झाली. आतली ऊब तोंडावर आली, कुणीतरी संत्रं सोलत होतं त्याचा वास आला.

बर्फाचा पहिला कण तिच्या मनगटावर पडला. मग तिकडं दगडावर, जुडग्यावर.

"गंजतील गं," एव्हलीनबाई म्हणाल्या. रागानं नव्हे. घरच्या माणसाला सांगावं तशा, हळूच.

मंतूराचा पाय खाली आला. ती चर्चच्या पायरीपाशी गेली, वाकली, आणि स्वेटरच्या बाहीनं एकेक किल्ली पुसू लागली. हात तिचेच होते. तिनं त्यांना सांगितलं मात्र नव्हतं.

जुडगा कमरेला अडकवून ती परत खिडकीशी आली.

"बोचकं तरी न्या. फदवाला द्या."

तेव्हा खिशांतून, काखांतून, शालींतून सगळे हात बाहेर आले.

"दे गं, दे इकडं!"

"मी मांडीवर धरते, चुरगळायचं नाही."

"आणि पोरीची काळजी सोड, आम्ही आहोत ना खाली!"

बोचकं हातोहात आत गेलं. गाडी वळणाआड झाली, आणि थोड्याच वेळात वळणही दिसेनासं झालं.

मंतूरा घराकडे निघाली. पावलागणिक कमरेला सारं गाव वाजत होतं. तिनं दाराला खांदा लावला, दार उघडलं. त्या दाराला कुलूप कधी नव्हतंच. या घरातून कुणी बाहेरगावी जाईल, हे बांधणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.