पॅरॅगसची जात

वडीगोद्रीच्या शिवारात फुलावर आलेल्या कोथिंबिरीत वाकून वाकून रूपालीची पाठ भरून आली होती. सकाळपासून जाळीत सापडलेल्या माश्या साऱ्या माद्याच.

"काय धरून राह्यल्या, मॅडम?" शेताचे मालक साहेबराव बांधावर येऊन उभे राहिले.

तिनं काचेची नळी पुढं केली. आत तांदळाच्या दाण्याएवढी काळी माशी, डोळ्यांवर पांढरे पट्टे. "पॅरॅगस म्हणतात हिला. हिची अळी पिकावरचा मावा खाते."

"म्हंजे आपल्याच कामाची की! जात कोणती हिची?"

"ते कळायला नर लागतो. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. माझी पीएचडी अडकलीय त्याच्यापायी."

"मंग रोज या की. फुलं हायेत तवर बिनधास्त या." त्यांनी घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "मालन, मॅडमला चहा टाक!" मग बांधावर बसत विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"खरात."

"खरात म्हंजे... कोणते?"

या प्रश्नावर कधी ती विषय बदलायची, कधी नुसतं गावाचं नाव सांगायची. आज अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

"बौद्ध."

"असं, असं." साहेबराव उठले. पँटची माती झटकत राहिले. "न्हाई, आपल्याला तसलं काही न्हाई. पण उद्यापासून इथं फवारणी हाय. औषध लय कडक ऱ्हातंय. इकडं येऊ नको आता."

आणि ते विहिरीकडं निघून गेले.

रूपालीनं जाळी गुंडाळली, नळ्या पिशवीत भरल्या. ती स्कूटीपाशी पोचली तेव्हा मालनबाई चहाचा कप घेऊन मागून आल्या.

"घे. गार झाला जरा."

रूपालीनं उभ्या उभ्याच चहा घेतला. मालनबाई हळूच म्हणाल्या, "फवारणीचा पंप दिवाळीपासून मोडून पडलाय, बाई. तू ये सकाळी. पण ओढ्याकडून ये. तिकडून आलेलं घरातून दिसत न्हाई."

रूपालीनं रिकामा कप त्यांच्या हातात दिला. हेल्मेट चढवून तिनं पट्टा लावला.

"रस्त्यानंच येईन, काकू."

मालनबाईंनी विहिरीकडं पाहिलं. मग जरा मोठ्यानं म्हणाल्या,

"ये."